भरती वाजवते ती घंटा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे डनविच आज जेमतेम खेडे आहे. तेराव्या शतकात ते भरभराटीचे बंदर होते. १२८६च्या वादळानंतर समुद्र त्याचा लचका तोडत राहिला. घरे गेली, बाजार गेला. ऑल सेंट्स हे जुने चर्च १९०४ ते १९१९ या काळात तुकड्या-तुकड्याने कड्यावरून कोसळले. त्याच्या भोवतीच्या कबरींचीही तीच गत झाली. वादळी रात्री पाण्याखालून घंटा ऐकू येतात, असे तिथले लोक सांगत आले आहेत. सांगणाऱ्यालाही खरे काय ते ठाऊक असते, पण बुडालेल्या गावाची दुसरी कोणती खूण दाखवायची?

याच देशात शिल्पकार मार्कस व्हर्जेट यांनी किनाऱ्यावर खऱ्या घंटा उभारल्या. पहिली २००९ साली, डेव्हनमधल्या अ‍ॅपलडोरला. ती वाजवायला माणूस लागत नाही. भरतीचे पाणी चढले की लाटाच तिचा लोलक हलवतात. ओहोटीला ती गप्प. समुद्राची पातळी वाढेल तशी ती अधिक वेळा वाजेल, आणि पाण्यात बुडू लागली की तिचा सूरही बदलेल.

अशीच एक घंटा २०१९ पासून मेबलथॉर्पला आहे. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री याच पूर्व किनाऱ्यावर समुद्र आत घुसला. इंग्लंडमध्ये ३०७ माणसे दगावली. मेबलथॉर्पच्या बाजूची पुळण लाटा सतत ओढून नेतात, म्हणून १९९४ पासून समुद्रतळाची वाळू उपसून तिथे पुन्हा पुन्हा टाकली जाते. घंटा त्यातला एक कणही अडवत नाही, हे कबूल केले पाहिजे.

मग तिचा उपयोग काय? आपल्या कोकणातही धूपप्रतिबंधक बंधारे आहेत. ते लागतातच. पण उंच भिंतीमागे राहणाऱ्याला समुद्र दिसेनासा होतो, आणि पाणी किती चढले याची खबर लागत नाही. क्रोएशियातल्या झादरला महायुद्धानंतर किनाऱ्यावर रुक्ष काँक्रीटची भिंत उभी राहिली होती. २००५ साली वास्तुविशारद निकोला बाशिच यांनी तिथे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या बांधल्या. सत्तर मीटर लांबीच्या या पायऱ्यांखाली ३५ नळ्या आहेत. लाट आत शिरली की हवा दाबली जाते आणि नळ्या सूर धरतात. संध्याकाळी लोक पायऱ्यांवर बसून ते ऐकतात. लाट जशी, तसा सूर.