विजेची माउंटन सायकल आणि गावातले सायकल दुकान

जर्मनीत 2023 साली विजेच्या सायकली साध्या सायकलींपेक्षा प्रथमच अधिक विकल्या गेल्या. साध्या सायकलींचा खप सुमारे 19 लाख, तर विजेच्या सायकलींचा सुमारे 21 लाख होता. या विक्रीत डोंगरातल्या आणि जंगलातल्या खडबडीत वाटांसाठी बांधलेल्या माउंटन सायकलींचा वाटा मोठा आहे. सायकलवाल्यांच्या बोलण्यात ई-एमटीबी या नावाने रुळलेला हा प्रकार हजारो युरो किमतीचा असल्यामुळे ती कोणती घ्यावी याइतकाच ती कोणाकडून घ्यावी हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. ई-एमटीबी घेणारा ग्राहक त्या यंत्राबरोबर पुढच्या अनेक वर्षांची दुरुस्तीही पदरात घेत असतो, आणि दुकानातील किंमत व इंटरनेटवरील किंमत यांची तुलना करताना नेमका हाच भाग हिशेबातून सुटतो.

युरोपीय नियमांनुसार अशा सायकलीची मोटार चालक पायडल मारत असेल तेव्हाच मदत करते, तिची सातत्याने मिळणारी शक्ती 250 वॅटच्या आत असते आणि वेग ताशी 25 किलोमीटरवर पोहोचला की मदत थांबते. या मर्यादा पाळणारे वाहन कायद्याच्या दृष्टीने सायकलच राहते, त्याला नोंदणी वा परवाना लागत नाही. मोटार बसवण्याच्या जागा मुख्यतः दोन आहेत. चाकाच्या हबमध्ये बसणारी मोटार स्वस्त आणि साधी असते, परंतु उभ्या चढावर चाक मंद फिरू लागले की तिची कार्यक्षमता घटते व ती तापते. पायडलच्या दांड्याजवळ, म्हणजे क्रँकपाशी बसणारी मोटार आपला जोर चेन आणि गिअर यांच्यामार्फत चाकाला देते, त्यामुळे चालकाने हलका गिअर टाकला की मोटारीलाही चढ सोपा होतो. गंभीर वापराच्या बहुतेक ई-एमटीबींमध्ये ही दुसरी रचना असते. तिची किंमत चेनला मोजावी लागते. माणसाच्या पायांच्या जोरासाठी घडलेल्या चेनवर मोटारीचाही ताण येतो, ती लवकर ताणली जाते, आणि वेळेवर बदलली नाही तर मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, तिच्याबरोबर झिजून जातो. चेन किती ताणली आहे हे साध्या मापपट्टीने काही सेकंदांत कळते. मात्र ती पट्टी नियमितपणे लावून पाहणारा कोणीतरी असावा लागतो.

बॅटरीच्या बाबतीत ग्राहकाची दिशाभूल सर्वांत सहज होते, कारण जाहिरातीत किलोमीटर सांगितले जातात आणि डोंगरात किलोमीटरपेक्षा चढाची उंची निर्णायक असते. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. 36 व्होल्ट आणि 14 अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की 504 वॅट-तास मिळतात. आता 80 किलोंचा चालक आणि 24 किलोंची सायकल मिळून 104 किलोंचा भार 1000 मीटर उंच नेण्यासाठी, घर्षण अजिबात न धरताही, सुमारे 283 वॅट-तास ऊर्जा लागते. त्यातला एक तृतीयांश भार चालकाने आपल्या पायांनी उचलला तरी उरलेले सुमारे 190 वॅट-तास मोटारीच्या वाट्याला येतात, आणि मोटारीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा व वाटेवरचे घर्षण मिळवले की बॅटरीतून प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक खर्च होते. म्हणून 500 वॅट-तासांच्या बॅटरीवर एका दिवसात दीड हजार मीटरच्या आसपास चढाई धरावी, आणि चालक वजनदार असेल किंवा पूर्ण मदतीवर विसंबणारा असेल तर त्याहून कमी. ग्राहक कोणत्या वाटांवर जाणार आहे हे विचारून हा हिशेब त्याच्यासमोर मांडणारा दुकानदार मोठी बॅटरी विकण्याची घाई करणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा, कारण बॅटरी वाढली की सायकलीचे वजनही वाढते आणि अरुंद वळणांवर ते चालकालाच सांभाळावे लागते.

जर्मनीतील कोब्लेन्झची कॅन्यन ही कंपनी सायकली खोक्यात घालून थेट ग्राहकाच्या घरी पाठवते, आणि मधला विक्रेता वगळल्याने त्याच किमतीत अधिक चांगले सुटे भाग देणे अशा कंपन्यांना शक्य होते. चेन, ब्रेक आणि शॉकअब यांची कामे स्वतः करणाऱ्या अनुभवी सायकलस्वारासाठी हा मार्ग योग्यच आहे. नवख्या ग्राहकाचे मात्र फ्रेमच्या मापापासून अडते. चालक बसल्यावर शॉकअब किती दबावा याचे प्रमाण, ज्याला सॅग म्हणतात, साधारणपणे 25 ते 30 टक्के ठेवतात आणि ते चालकाच्या वजनानुसार हवा भरून जुळवावे लागते. ते चुकले तर महाग शॉकअबही निरुपयोगी ठरतो. चाचणीसाठी सायकल प्रत्यक्ष वाटेवर न्यायला देणारे दुकान असेल तर हे सारे विकत घेण्यापूर्वीच कळते.

विजेच्या सायकलीत यांत्रिक भागांबरोबर संगणकीय प्रणालीही असते, आणि दुकानाचे काम इथे खऱ्या अर्थाने बदलले आहे. बॉशने 2019 साली बाजारात आणलेल्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स या मोटारीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 75 न्यूटन-मीटर होता. 2020 च्या उन्हाळ्यात कंपनीने तो नव्या सॉफ्टवेअरद्वारे 85 पर्यंत वाढवला, आणि आधी विकलेल्या सायकलींना ही वाढ अधिकृत दुकानात नेऊन करून घ्यावी लागली. त्यानंतरच्या, 2021 पासूनच्या प्रणालीत अशा सुधारणा मोबाइलवरूनही होऊ लागल्या, त्यामुळे दुकानाची ही मक्तेदारी काहीशी सैलावली. परंतु मोटार मध्येच बंद पडू लागली, तर दोष सेन्सरमध्ये आहे, तारेत आहे की बॅटरीत, हे शोधण्यासाठी लागणारे निदानाचे सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांनाच देतात, आणि हमीच्या काळात मोटार बदलून मिळते तीही बहुधा त्यांच्याच हातून.

बॅटरी बिघडली तर दुकान किती दूर आहे हा प्रश्न आणखी तीव्र होतो. लिथियम-आयन बॅटरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धोकादायक मालात मोडते. प्रवासी विमानात 160 वॅट-तासांहून मोठी बॅटरी सामानात नेता येत नाही, आणि आपटून वा पाण्याने खराब झालेली बॅटरी साध्या कुरिअरने परत पाठवणे तर बेकायदेशीरच ठरू शकते. घरोघरी चार्जिंगला लावलेल्या हलक्या दर्जाच्या बॅटऱ्यांमुळे न्यूयॉर्क शहरात जीवघेण्या आगी लागल्या, आणि त्यानंतर तिथे सप्टेंबर 2023 पासून यूएल 2849 सारख्या सुरक्षा मानकांचे प्रमाणपत्र नसलेल्या विजेच्या सायकली विकण्यास बंदी आली. खरेदी करताना असे प्रमाणपत्र मागणे, आणि जुनी बॅटरी दुकान परत घेणार का हे विचारणे, यांत संकोच करण्याचे कारण नाही.

आपल्याच खास सुट्या भागांवर आणि मोबाइल ॲपवर उभ्या असलेल्या व्हॅनमूफ या ॲमस्टरडॅमच्या कंपनीचे जुलै 2023 मध्ये दिवाळे निघाले. तिच्या सायकली शहरी वापराच्या होत्या, तरी त्यातून निघालेला प्रश्न ई-एमटीबीलाही तितकाच लागू आहे: व्हॅनमूफचे भाग इतर दुकानांत मिळत नव्हते, आणि कंपनीचे सर्व्हर बंद पडले तर सायकलचे डिजिटल कुलूप कसे उघडणार या धास्तीने मालक आपापल्या किल्ल्यांचे संकेतांक उतरवून ठेवू लागले. सर्वत्र मिळणारी मोटार आणि प्रचलित मापांचे भाग असलेली सायकल थोडी कमी देखणी असली तरी तीच निवडावी.

दुकानांकडेही दोष आहेत. दुसरीकडून घेतलेल्या सायकलीला हात न लावणारी दुकाने अनेक आहेत. अनोळखी बॅटरीच्या आगीची जबाबदारी घेण्याची भीती रास्त असली, तरी त्याच सायकलीचे ब्रेक किंवा चेन नाकारण्याला ते कारण पुरत नाही. मजुरीचे दर दर्शनी फलकावर लावणारे दुकान बाहेरून आलेल्या सायकलवाल्यालाही कायमचा ग्राहक करू शकते. शिवाय वाटांची माहिती दुकानातच मिळते: जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि अमेरिकेत एकाच डोंगरावरच्या दोन वाटांपैकी एकीवर विजेच्या सायकलीला परवानगी व दुसरीवर बंदी असू शकते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनी 0.25 किलोवॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि बॅटरीखेरीज 60 किलोंपर्यंत वजनाच्या वाहनाला नोंदणीतून सूट दिली आहे. पुण्याची ईमोटोरॅड विजेच्या सायकली बनवते, आणि हीरो सायकल्सने 2019 मध्ये यामाहाची क्रँकपाशी बसणारी मोटार लावलेली ईएचएक्स20 ही माउंटन सायकल बाजारात आणली होती. सह्याद्रीच्या घाटवाटांवर अशी सायकल न्यायची असेल, तर घराजवळचे सायकल मार्ट कोणत्या कंपनीची मोटार उघडू शकते आणि सुटे भाग किती दिवसांत मागवू शकते, हे आधी विचारून मग कंपनी ठरवणे श्रेयस्कर.

युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमावलीनुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या स्वतंत्र व्यावसायिक कारागिराला काढता व बदलता आल्या पाहिजेत, आणि सुसंगत बॅटरी बसवण्यात सॉफ्टवेअरचा अडथळा आणता येणार नाही. मोटारीला मात्र ही नियमावली लागू नाही. हमी संपल्यावर झिजलेले बेअरिंग बदलून देणाऱ्या स्वतंत्र कार्यशाळा ब्रिटनसारख्या देशांत उभ्या राहिल्या असल्या, तरी आतल्या सुट्या भागांसाठी त्यांना आजही स्वतःच वाट काढावी लागते.