थांबविलेल्या पवनचक्क्यांचा जमाखर्च

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात, वोकिंगहॅम गावानजीक, ज्या एका दालनातून ग्रेट ब्रिटनच्या सबंध विद्युत्-जालाचे नियंत्रण चालते, तेथील अभियंत्यांपुढे हिवाळ्यात अटलांटिकवरून वादळी वारे सुटले म्हणजे एकच पेच रात्रीतून अनेकदा उभा राहतो. उत्तरेस स्कॉटलंडच्या माळांवर व लगतच्या सागरात पवनचक्क्या पूर्ण जोराने फिरत असतात, दक्षिणेस लंडन, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल यांसारख्या शहरांना विजेची निकड असते, आणि या दोहोंमधली सरहद्द ओलांडणाऱ्या वाहिन्यांनी आपली मर्यादा केव्हाच गाठलेली असते. अशा वेळी अभियंत्याला दोन हुकूम बरोबरीने सोडावे लागतात: उत्तरेतील पवनचक्क्यांना उत्पादन घटविण्याचा, आणि दक्षिणेतील नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या एखाद्या केंद्राला ते तितकेच वाढविण्याचा. पहिला हुकूम पोहोचला, की प्रत्येक चक्कीची तिन्ही पाती बुंध्यापाशी आपल्या आसाभोवती वळू लागतात, रुंद बाजू वाऱ्याला द्यायची ती धार देऊ लागतात, आणि भर वाऱ्यात ते प्रचंड चक्र मंदावत जाऊन जवळजवळ निश्चल होते. या दोन्ही हुकुमांचा मोबदला द्यावा लागतो, आणि तो अखेर देशातील प्रत्येक वीजग्राहकाकडून वसूल होतो.

2024 या एका वर्षात ब्रिटनमध्ये अशा रीतीने सुमारे 830 कोटी युनिट पवनवीज निर्माण होऊ शकत असताना होऊ दिली गेली नाही, आणि ती न केल्याबद्दल पवनचक्क्यांच्या मालकांना सुमारे 39 कोटी पौंड दिले गेले. तेथील वीज नियामक संस्था ‘ऑफजेम’ तेव्हा सर्वसाधारण कुटुंबाचा वार्षिक वापर 2,700 युनिट धरत असे. त्या मानाने हिशेब केला, तर 30 लाखांहून अधिक कुटुंबांना वर्षभर पुरेल इतकी वीज वाऱ्यावरच सोडून दिली गेली, असे म्हणावे लागेल. सबंध स्कॉटलंडमध्ये कुटुंबे आहेत सुमारे 25 लाख.

सरहद्दीवरील ही कोंडी समजून घेण्यासाठी थोडे खोलात शिरले पाहिजे. स्कॉटलंडची स्वतःची विजेची मागणी कडाक्याच्या थंडीतही साडेपाच-सहा हजार मेगावॉटच्या घरात असते, पण तेथे उभारलेल्या पवनचक्क्यांची क्षमता 15 हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. ग्लासगोजवळच्या ईगलशॅम माळावरील व्हाइटली हे एकच क्षेत्र 215 चक्क्यांचे आणि 539 मेगावॉटचे. अँगसच्या किनाऱ्यापासून 27 किलोमीटर दूर सागरात उभे असलेले, 2023 मध्ये पुरे झालेले सीग्रीन 114 चक्क्यांचे आणि 1,075 मेगावॉटचे. जास्तीची वीज इंग्लंडकडे नेण्यास पूर्वेकडून एक व पश्चिमेकडून एक अशा दोन दुहेरी उच्चदाब वाहिन्या आहेत आणि समुद्रतळावरून टाकलेली एक केबल आहे. या साऱ्यांची मिळून सुरक्षितपणे वापरता येणारी वहनक्षमता अवघी सहा-साडेसहा हजार मेगावॉट भरते. वाहिन्यांची मूळ ताकद याहून जास्त असली, तरी ती सगळी कधीच वापरता येत नाही. एखादी वाहिनी विजेच्या कडकडाटात अकस्मात तुटली, तर तिचा भार उरलेल्या वाहिन्यांनी त्याच क्षणी पेलला पाहिजे, नाही तर एकामागून एक साऱ्या बंद पडून देश अंधारात जाईल. म्हणून प्रत्येक वाहिनीवर काही जागा मुद्दाम रिकामी ठेवावी लागते. त्यात दुरुस्तीसाठी एखादा मार्ग बंद असला, तर विचारायलाच नको.

आता, उत्पादन बंद ठेवण्याबद्दल पैसे का द्यावेत, हा सामान्य माणसाला पडणारा आणि सर्वस्वी रास्त असा प्रश्न. ब्रिटनमध्ये विजेचा व्यवहार अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्यांत चालतो. पाळी सुरू होण्याच्या तासभर आधी प्रत्येक केंद्र आपण किती वीज देणार हे कळवते, आणि गरज पडल्यास ती घटविण्याचा वा वाढविण्याचा आपला भावही नोंदवून ठेवते. वायूवर चालणाऱ्या केंद्राला उत्पादन घटविण्यास सांगितले, तर त्याचे इंधन वाचते, आणि त्या बचतीतला वाटा ते केंद्र स्वतः होऊन नियंत्रकाला परत करते. पवनचक्कीचे इंधन मात्र फुकटचे. थांबल्याने तिची कवडीचीही बचत होत नाही, उलट नुकसान होते. 2002 पासून अमलात आलेल्या आणि 2017 मध्ये नव्या चक्क्यांना बंद झालेल्या अनुदान-योजनेखाली चक्कीला प्रत्यक्ष निर्माण केलेल्या विजेच्या प्रमाणात प्रमाणपत्रे मिळतात व ती विकून पैसा उभा राहतो. चक्की थांबली, की प्रमाणपत्रही बुडाले. तेव्हा बुडालेल्या रकमेइतकी भरपाई चक्कीवाल्याने मागावी, यात अन्याय काहीच नाही. त्याने जालाशी जोडून घेण्याचा रीतसर करारनामा केलेला असतो, वाहिनीची मर्यादा हा काही त्याचा दोष नव्हे.

अन्याय होतो तो भरपाईच्या नावाखाली त्याहून अधिक मागण्यात, आणि तसे घडलेही आहे. सप्टेंबर 2011 मध्ये दक्षिण स्कॉटलंडमधील क्रिस्टल रिग या पवनक्षेत्राला एका रात्रीतले आठ-साडेआठ तास स्वस्थ राहण्यासाठी सुमारे 12 लाख पौंड मिळाले, कारण त्याने लावलेला भाव मेगावॉट-तासाला 999 पौंड, म्हणजे बुडणाऱ्या अनुदानाच्या कित्येक पट होता. त्यावर बराच गदारोळ झाला, आणि 2012 मध्ये सरकारने वीजनिर्मितीच्या परवान्यातच अशी अट घातली, की वाहिनीच्या कोंडीचा फायदा उठवून कोणी अवाजवी नफा काढू नये. ही अट कागदावरच राहिली नाही, ही समाधानाची गोष्ट. केथनेसच्या किनाऱ्यासमोरील बिअट्रिस या सागरी पवनक्षेत्राने उत्पादन घटविण्याचा भाव वाजवीपेक्षा अधिक लावल्याचे ऑफजेमने दाखवून दिल्यावर त्याला 3 कोटी 31 लाख पौंडांवर रक्कम भरावी लागली.

वृत्तपत्रांत गाजतो तो असा पवनचक्कीवाल्यांना मिळालेला पैसा. माझ्या मते मात्र या जमाखर्चातली ती लहान बाब आहे. वर सांगितलेल्या 39 कोटी पौंडांना 830 कोटी युनिटांनी भागले, तर युनिटमागे पाच पेन्सही पडत नाहीत. त्याहून मोठा खर्च दुसऱ्या हुकुमाचा. दक्षिणेतील वायुकेंद्राला ऐन वेळी, इंधनाच्या चढ्या भावात, थंड पडलेले यंत्र तापवून वीज द्यावी लागते, आणि तिचा भाव साहजिकच जबर असतो. दोन्ही बाजू एकत्र धरल्या, म्हणजे वाहिन्यांच्या कोंडीचा वार्षिक भुर्दंड एक अब्ज पौंडांच्या वर जातो. आणि पैशाच्या पलीकडचे नुकसान निराळेच आहे: ज्या देशाने सप्टेंबर 2024 अखेर आपले शेवटचे कोळसा-केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील, कायमचे बंद केले, तोच देश वारा फुकट वाहत असताना त्याच घटकेला विकतचा वायू जाळतो. पवनचक्क्यांचे विरोधक या खर्चाचे खापर वाऱ्यावर फोडतात तेव्हा ते चुकीच्या आरोपीला पकडतात, असे मला निश्चित वाटते.

खरा आरोपी शोधायचा, तर दोन जुने निर्णय पाहिले पाहिजेत. एप्रिल 2005 मध्ये स्कॉटलंडची वीजबाजारपेठ इंग्लंड-वेल्सच्या बाजारपेठेशी जोडण्यात आली, आणि इन्व्हरनेसची वीज व लंडनची वीज यांचा घाऊक भाव एक झाला. त्या दिवसापासून बाजाराच्या दृष्टीने वाहिनीची मर्यादा अस्तित्वातच उरली नाही: स्कॉटलंडचा विक्रेता लंडनच्या गिऱ्हाइकाला निःशंकपणे वीज विकतो, आणि ती पोहोचवता येत नाही हे ध्यानी येते ते वोकिंगहॅमच्या अभियंत्याच्या. दुसरा निर्णय 2010 चा. तोवर जालाचे मजबुतीकरण पुरे होईपर्यंत नव्या केंद्राला जोडणी मिळत नसे व प्रकल्प वर्षानुवर्षे रांगेत पडून राहत. ही रांग हटविण्यासाठी सरकारने अशी मुभा दिली, की आधी जोडणी द्यावी, वाहिन्या मागाहून वाढवाव्यात, आणि मधल्या काळातली कोंडी पैसे देऊन निभावून न्यावी. पवनचक्कीला थांबण्याबद्दल पैसे देण्यास आरंभ झाला तो याच वर्षी. या मुभेमुळे चक्क्या झपाट्याने उभ्या राहिल्या, हे तिचे यश नाकारता येणार नाही. पण आपल्याकडे कारखान्याची गाळपक्षमता न पाहता उसाच्या लागवडी वाढू द्याव्यात आणि मग फडात तुरे आलेल्या उभ्या उसाची भरपाई सगळ्या तालुक्याकडून वसूल करावी, तसा हा प्रकार झाला. मधला काळ म्हणून जो गृहीत धरला, तो संपलाच नाही.

तो का संपला नाही, याचे उत्तर ब्यूली ते डेनी या वाहिनीच्या इतिहासात सापडते. हायलँडमधून मध्य स्कॉटलंडकडे येणारी, सुमारे 220 किलोमीटर लांबीची व सहाशेहून अधिक मनोऱ्यांची ही वाहिनी. तिचा अर्ज 2005 साली दाखल झाला, हजारो हरकती आल्या, 2007 मध्ये जाहीर चौकशी महिनोन् महिने चालली, मंजुरी मिळाली ती जानेवारी 2010 मध्ये, आणि काम पुरे होण्यास 2015 ची अखेर उजाडली. म्हणजे एका वाहिनीला दहा वर्षे. तेवढ्या अवधीत पवनक्षेत्रे किती तरी उभी राहिली. हरकत घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्या डोंगरदऱ्यांकडे पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात, त्यांच्या माथ्यावर पोलादी मनोऱ्यांची रांग उभी राहावी, हे तेथल्या रहिवाशाला कसे रुचावे? परंतु हरकतीचा निकाल, अनुकूल वा प्रतिकूल, लवकर लागत नाही, ही शासनाची उणीव आहे, आणि तिची किंमत वीजबिलातून वसूल होते. मनोऱ्यांचा वाद टाळण्यासाठी समुद्राचा मार्ग धरला, तर तेथेही विलंब चुकला नाही. हंटरस्टन ते उत्तर वेल्स अशी 2,200 मेगावॉटची पश्चिम केबल ठरल्या मुदतीच्या मागे पडली, आणि त्या दिरंगाईबद्दल दोन्ही पारेषण कंपन्यांना मिळून 15 कोटी 80 लाख पौंडांचा भार उचलावा लागला. आता पूर्व किनाऱ्याने आणखी दोन केबली टाकण्याचे काम सुरू झाले आहे, एक टोर्नेसहून डरहॅम परगण्याकडे व दुसरी पीटरहेडहून यॉर्कशायरमधील ड्रॅक्सकडे, प्रत्येकी 2,000 मेगावॉटची, आणि त्यांची मुदत 2029 ची सांगितली आहे.

यावर दुसरा उपाय म्हणून काही वर्षे असा विचार जोरात होता, की देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाचा विजेचा भाव वेगळा ठरू द्यावा. वीज जेथे विपुल तेथे ती स्वस्त होईल, विजेची भूक असलेले कारखाने आपण होऊन उत्तरेकडे जातील, आणि जेथे कोंडी आहे तेथे नवी चक्की उभारण्यास कोणी धजणार नाही. या योजनेचे मला मोठे आकर्षण वाटते, ते विशेषतः हायलँडमधील खेड्यांसाठी. वायूची नळवाहिनी तेथे बहुतेक ठिकाणी पोहोचलेली नाही, घर उबदार ठेवायचे ते विजेवर वा तेलावर, हिवाळा लांबलचक, आणि खिडकीतून दिसणारी चक्की थांबविल्याचा खर्च त्याच घराच्या बिलात. एप्रिल 2023 पासून तर जालातील पुरवठा व मागणी यांचा समतोल राखण्याचा सारा आकार, जो पूर्वी उत्पादक व ग्राहक यांच्यात वाटला जाई, तो एकट्या ग्राहकाच्या बाजूवर टाकला गेला आहे. परंतु 10 जुलै 2025 रोजी ब्रिटिश सरकारने विभागवार भावाची कल्पना फेटाळली. अशा अनिश्चिततेने गुंतवणूकदार बिचकतील, कर्जाचे व्याज वाढेल आणि तोच बोजा शेवटी ग्राहकावर येईल, अशी भीती त्यामागे होती. ही भीती अगदीच निराधार नव्हे, आणि उभ्या असलेल्या चक्क्या काही उचलून दक्षिणेस नेता येत नाहीत. पण मग वाहिन्या ठरल्या मुदतीत पुऱ्या करण्याची जबाबदारी सरकारवर दुप्पट येते, आणि त्या मुदती हुकल्या तर या निर्णयाचे समर्थन करणे कठीण जाईल.

साठवणुकीचा मार्गही आहेच. अर्गाइलमधील क्रुआखन पर्वताच्या पोटात 1965 पासून चालणारे 440 मेगावॉटचे केंद्र जास्तीच्या विजेने पाणी वर चढवते व गरजेच्या वेळी ते खाली सोडते. आपल्या घाटघरला 250 मेगावॉटचे केंद्र हेच काम करते. परंतु आठवडाभर चालणाऱ्या वादळाचा वारा साठवायला अशी केंद्रे कितीतरी पटींनी हवीत.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. साताऱ्याच्या वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारावर, धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला चक्क्या फिरू लागल्याला आता बराच काळ लोटला. आणि निर्मिती एका टोकाला, मागणी दुसऱ्या टोकाला, ही अडचण तर आपण त्याही आधीपासून ओळखतो. चंद्रपूरची वीज मुंबईकडे आणण्यासाठी पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची, 1,500 मेगावॉटची वाहिनी आपण गेल्या शतकाच्या अखेरीस टाकलीच की! फरक आहे तो नुकसानीचा धनी कोण, यात. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर 2021 च्या नियमांनुसार पवन व सौर वीज केवळ स्वस्त-महागाच्या हिशेबाने बंद ठेवता येत नाही, ठेवल्यास खरेदीदाराने करारातील दराने भरपाई द्यायची आहे. मात्र तांत्रिक अडचण वा जालाची सुरक्षितता या कारणांना त्यातून वगळले आहे. म्हणजे वाहिनी अपुरी पडली, तर ब्रिटनमध्ये जो भुर्दंड ग्राहक सोसतो, तो आपल्याकडे बव्हंशी उत्पादकाच्या माथी येतो, आणि उत्पादक पुढच्या प्रकल्पाचा दर सांगताना हा भुर्दंड धरूनच सांगतो. राजस्थानात सौरवीज तयार असूनही वाहिनीअभावी बंद ठेवण्याचे प्रसंग 2025 मध्ये येऊ लागलेच आहेत.

म्हणून माझी वाचकांना व त्यांच्या लोकप्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे, की यापुढे आपल्या जिल्ह्यात मोठ्या पवन वा सौर प्रकल्पाची घोषणा झाली, म्हणजे त्याची वीज कोणत्या वाहिनीने जाणार, ती वाहिनी कोणत्या वर्षी पुरी होणार, आणि ती लांबली तर तोशीस कोणाला, हे तीन प्रश्न वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत लेखी विचारावेत. त्या सुनावण्यांत सूचना व हरकती मांडण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे.