गोठ्यावर पहारा: छोट्या संगणकाची नजर कशी तेज करावी?

घोडबंदर रस्त्यावरचे चेणे हे मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतले गाव. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे राहतात आणि त्यांना हद्द ठाऊक नसते. अशा वस्तीत शेळ्या पाळणाऱ्याला, बकरी ईदसाठी बोकड बांधणाऱ्याला आणि मगरिबनंतर मुलांना अंगणात पाठवणाऱ्या आईला एकच काळजी असते : अंधारात काय हलले?

आपल्या घरांतली डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुले यावर एक उपाय सुचवतात. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, त्याला कॅमेरा आणि जनावर दिसले की मोबाइलवर सूचना. २०१२ साली हा संगणक ३५ डॉलरला बाजारात आला, तो मुलांना संगणक शिकता यावा म्हणून. कल्पना हवेतली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या कडेला असलेल्या सीतारामपेठ गावात वाघ-बिबट्याची चाहूल देणारे असे कॅमेरे बसवले गेले आहेत.

पण घरी जोडणी केली की पहिल्याच रात्री निराशा येते. संगणक रांगतो, सूचना उशिरा येते, वारा सुटला तरी भोंगा वाजतो. तिसऱ्या रात्री घरचेच वायर काढून ठेवतात. दोष मुलाचा नसतो, पैसे ओतूनच तो निघेल असेही नाही. पुढच्या गोष्टी क्रमाने कराव्यात.

शिळे चित्र टाकून द्या. समजा, कॅमेरा सेकंदाला १५ चित्रे देतो आणि संगणक एकच तपासू शकतो. सगळी चित्रे रांगेत उभी केली तर एका मिनिटानंतर संगणक चौथ्या सेकंदाचे चित्र पाहत असेल, म्हणजे ५६ सेकंद उशीर. तेवढ्यात बिबट्या शेळी घेऊन जाईल. म्हणून चित्र घेण्याचे आणि तपासण्याचे काम वेगवेगळ्या थ्रेडमध्ये ठेवावे, आणि तपासणीला नेहमी सर्वांत ताजे चित्र द्यावे.

चित्र लहान करा. ६४० बाय ६४० च्या चित्रात ४,०९,६०० ठिपके असतात. ३२० बाय ३२० मध्ये १,०२,४००, म्हणजे चौथा हिस्सा. काम जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. मात्र दूरचे जनावर त्यात ठिपक्याएवढे होते. म्हणून आकाश आणि रस्ता कापून फक्त कुंपणाचा भाग तपासावा.

आधी हालचाल, मग ओळख. मागच्या आणि आताच्या चित्रातला फरक पाहणे स्वस्त काम आहे, ओळखणे महाग. फरक दिसला तरच ओळखीचे मॉडेल चालवावे. रात्री इन्फ्रारेड दिव्यावर किडे-पाखरे जमतात आणि खोटी हालचाल दाखवतात; दिवा कॅमेऱ्यापासून हातभर दूर लावावा. सलग तीन चित्रांत जनावर दिसले तरच सूचना जावी.

मॉडेल हलके करा. मॉडेलमधले आकडे ३२ बिटांऐवजी ८ बिटांत साठवले तर त्याचा आकार चौथ्या हिश्श्यावर येतो आणि वेग वाढतो. अचूकता थोडी घटू शकते. म्हणून बदलाआधी आणि नंतर तीच चित्रे देऊन किती चुकले ते मोजावे.

उष्णता आणि वीज पाहा. पत्र्याखाली बंद डब्यात ठेवलेला रास्पबेरी पाय तापतो आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो. जुन्या मोबाइल चार्जरचा दाब पडला तरीही तेच होते. सावली, छोटा पंखा आणि योग्य ताकदीचा चार्जर एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

एवढे करून भागले नाही, तरच वेगळी एआय चिप विकत घेण्याचा विचार करावा.

एक खोच मात्र वेगाने सुटत नाही. फुकट मिळणारी बहुतेक तयार मॉडेल्स कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात. त्यात ८० प्रकार आहेत : मांजर, कुत्रा, गाय, मेंढी, अगदी जिराफही. बिबट्या नाही, शेळीही नाही. असे मॉडेल बिबट्याला मांजर किंवा कुत्रा म्हणेल. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर'मध्ये सांगितले होते, की डोळ्यात प्रकाश शिरतो, पण वस्तू ओळखायला पूर्वीची ओळख आणि तुलना लागते. यंत्रालाही तेच लागू आहे. आपल्याच गोठ्याची, आपल्याच शेळ्या-कुत्र्यांची रात्रीची चित्रे जमवून आणि बिबट्याची चित्रे जोडून त्याला शिकवावे लागते.

नजरेचा अदबही विसरू नये. दुसऱ्याच्या घरात जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, हे सूरह नूर आपल्याला शिकवते. मग कॅमेऱ्याला मोकळीक कशी? त्याचे तोंड आपल्या कुंपणावर असावे, शेजारच्या मोरीवर किंवा खिडकीवर नाही. माणसे दिसलेली चित्रे साठवू नयेत. शेजाऱ्यांना आधी सांगावे. सूचना त्यांनाही मिळाली तर तोच कॅमेरा सगळ्यांचा पहारा होतो.

सूचना आल्यावर काठ्या घेऊन धावू नये. मुलांना घरात घ्यावे, दिवे लावावेत, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. बिबट्यालाही अल्लाहनेच निर्माण केले आहे, आणि कायद्याचे संरक्षण त्यालाही आहे.

शेवटी, कॅमेरा पाहतो, अडवत नाही. अडवतो तो मजबूत दाराचा, वरूनही बंद केलेला गोठा. उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. उघड्यावरचा कचरा कुत्रे आणतो आणि कुत्रे बिबट्याला. तो कचरा उचलायला कुठलाच संगणक लागत नाही. आधी दार, मग कॅमेरा, आणि दोन्ही करून झाल्यावर तवक्कल. आपल्या दाव्याला बांधलेला मुका जीव ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि तिचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.