वळूंत दडलेला दोष

भडगांव तालुक्यांतील गिरणाकांठच्या गोठेवाल्या बंधूंस आमची एक सूचना आहे. धष्टपुष्ट वळूंतही दोष दडून असूं शकतो. मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरांत प्रथम सारे दाणे गोल निघाले. पुढील पिढींत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले. दुसरा गुण नष्ट झाला नव्हता, दबला होता.

होल्स्टीन जातींतील ‘ब्लॅड’ रोग असाच. आईबाप निरोगी, परंतु दोघेही दोषवाहक असल्यास चारांत एक वासरूं रोगी निघण्याचा संभव. तें बहुधा लहानपणींच दगावतें. दोषवाहक वळूच्या सरासरीनें निम्म्या कालवडी तोच दोष वाहतात. म्हणून त्या त्याच वळूकडून फळवूं नयेत, व रेतन करवितांना वळूच्या तपासणीचा दाखला अवश्य मागावा.