घरच्या संगणकाला विजेचा आधार किती हवा?

मृगाचा पाऊस कोसळू लागला की सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील गावांत एखादी फांदी वीजवाहिनीवर पडते आणि सर्वत्र अंधार होतो. मेणबत्ती लावून स्वयंपाक उरकता येतो; परंतु शिक्षकाने दोन तास खपून संगणकावर तयार केलेली व जतन करावयाची राहिलेली विद्यार्थ्यांची यादी त्या क्षणी नाहीशी होते. क्वचित आधी साठविलेली माहितीही बिघडते. यावर उपाय म्हणजे बॅटरीवर चालणारा यूपीएस. मात्र तो खरेदी करण्यापूर्वी आपला संगणक प्रत्यक्षात किती वीज घेतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

संगणकाच्या वीजपुरवठा संचावर ४५० वॅट असा आकडा असला, तरी ती त्याची कमाल क्षमता होय. नेहमीचा खप नव्हे. लेखनाच्या व हिशेबाच्या कामाचा साधा संगणक पडद्यासह बहुधा १०० ते १५० वॅट घेतो. याची पडताळणी घरीच करता येते. इतर सर्व उपकरणे, फ्रीजसुद्धा, बंद ठेवून केवळ संगणक चालवावा आणि मीटरवरील लाल दिवा पाच मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. एका युनिटला किती वेळा, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. तो ३२०० असेल आणि दिवा ३२ वेळा लुकलुकला, तर तासाचे ३८४ होतात. ३८४ ला ३२०० ने भागले असता ०.१२ युनिट येते, म्हणजे खप १२० वॅट.

यूपीएसवरील ६०० हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा असतो, वॅटचा नव्हे. ग्राहकाची फसगत होते ती येथेच. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा त्याच्या साठ टक्के, म्हणजे ३६० वॅटच मिळतात. वरील संगणकास तेवढे पुरेसे आहेत. किती वेळ, हे मात्र बॅटरीवर अवलंबून असते. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास साठतात. कागदावर ४२ मिनिटे होतात. प्रत्यक्षात पंधरा-वीसच मिळतात, कारण वेगाने उपसल्यास बॅटरी पूर्ण वीज देत नाही. भार दुप्पट झाला, तर वेळ निम्म्याहूनही कमी होतो. काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास एवढा अवधी पुरतो. लेसर छपाईयंत्र मात्र यूपीएसला कदापि जोडू नये. त्यातील रूळ तापताना एकदम कित्येकशे वॅट ओढतो.

तासन्‌तास काम चालू ठेवावयाचे असल्यास १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा इन्व्हर्टर घ्यावा. तिची निम्मी वीज धरली, तरी हाच संगणक सुमारे सात तास चालेल. इन्व्हर्टरवरील कळ ‘यूपीएस’ या स्थितीत ठेवावी, अन्यथा वीज जाताच संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने हा खर्च बहुधा लागत नाही.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते. काम जतन करून, भिंतीवरील बटण बंद करून तिची अधूनमधून परीक्षा घ्यावी. पहिल्या पावसापूर्वी तर अवश्य. निकामी बॅटरीत शिसे व आम्ल असल्याने ती उकिरड्यावर न टाकता, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार विक्रेत्यामार्फत किंवा संकलन केंद्राकडे परत करावी.