पाण्यात कोणाला उतरवायचं? सिकलसेलबद्दल थोडं सविस्तर



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. जाळी सुधारणं, डोंग्याची डागडुजी चालूच असते, पण घरची सगळी माणसं एकावेळी घरी सापडतात ती याच दिवसांत. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिवसही येतो. म्हणून तिगावच्या आणि पांढुर्णा-सौंसरकडच्या सगळ्या घरांसाठी हा विषय आत्ताच काढतो.

आधी आपली चूक कबूल करू. पहाटे थंड पाण्यात जाळं ओढताना एखादं पोरगं हातपाय दुखतात म्हणून काठावर जाऊन बसलं, की आपण त्याला कामचोर म्हणतो. आम्हीही म्हटलंय. डोळे पिवळे दिसले की कावीळ समजून जडीबुटी, थकवा आला की टॉनिक. दरवेळी सिकलसेलच असेल असं नाही, पण आपल्या भागात ती शंका आधी घ्यायला हवी. हा फक्त आदिवासींचा आजार, असं समजून बसू नका. इकडच्या इतर समाजांतही तो आहे.

रक्तातली तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते, बारीक नसेतूनही निसटून जाते. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की ती कडक होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी नसेत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि हाडं, सांधे, पाठ, छाती असह्य दुखते. चांगली पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. लोहाच्या गोळीने हे भरून निघत नाही. डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, लोह तपासून गरज असेल तरच.

दुखणं उसळतं कशाने? थंडीने, अंगातलं पाणी कमी झाल्याने, अति मेहनतीने, तापाने. आता बघा, आपल्या धंद्यात यातलं काय नाही? हिवाळ्यात पहाटे छातीभर पाणी, मे महिन्यात भर उन्हात डोंग्यावर दुपार. म्हणून नावमालकांना सांगणं आहे, आजार असलेल्याला पाण्यात उतरवू नका. मासे निवडणं, तोलणं, जाळं विणणं, हिशोब ठेवणं, ही कामं द्या. पिण्याच्या पाण्याची कॅन डोंग्यावर असू द्या. आणि काठावरचं काम म्हणून मजुरी कापू नका, हे आमचं स्पष्ट मत.

ताप आला, छातीत दुखलं, दम लागला, किंवा लहान लेकराचं पोट डाव्या बाजूला फुगलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध रोज घेतल्याने दुखण्याचे झटके कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत, मधूनमधून रक्त तपासूनच घ्यायचं. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

आता लग्नाचं. वाहक म्हणजे ज्याला आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष आला. वाहक सहसा ठणठणीत असतो, कामही करतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. काहीजण समजतात, पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नाही. दरवेळी जाळं नव्यानेच पडतं. एकजण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मुलाला हा आजार होत नाही, फार तर तेही वाहक होईल. म्हणून वाहक पोरीचं लग्न मोडायचं कारणच नाही, फक्त मुलाचीही तपासणी करा. दोघंही वाहक असून लग्न झालंच असेल, तर दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना भेटा. मोठ्या रुग्णालयात पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते.

देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोलहून सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरलेली आहे. सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे विचारा. एक लक्षात ठेवा, बोटाच्या थेंबावरची साधी विरघळ-चाचणी दोष आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण हे सांगत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर दुसरी पक्की तपासणी मागून घ्या, आणि तिचा कागद जाळ्याच्या पावत्यांबरोबर नव्हे, आधार कार्डाजवळ ठेवा.