आजीची पोलिश, चाळिशीतली वही

शिकागोतल्या पोलिश घरांमधली तिसरी पिढी चाळिशीत पोलिश शिकायला बसते. स्वयंपाकघरातले शब्द कानावरून गेलेले असतात. अडवतात त्या सात विभक्ती. आजी म्हणजे 'बाप्चा', पण हाक मारताना 'बाप्चू', अगदी आपल्या संबोधनासारखं! 'प्येरोगी' म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्या. हे मुळातच अनेकवचन. एकच असेल तर 'प्येरुक'. लहानपणापासून खाल्लेला पदार्थ, आणि त्याचं एकवचन आत्ता कळतं!

आडनावाचं तर विचारूच नका. पोलंडमध्ये पुरुष कोवाल्स्की, बाई कोवाल्स्का. अमेरिकेत बहुतेक बायकाही कोवाल्स्कीच झाल्या. एखादी नात वहीवर स्वतःचं नाव पहिल्यांदा 'कोवाल्स्का' असं लिहिते, तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.